मंद आंचेवरचा नाताळ

चिंचवड म्हटलें कीं मोरया गोसावींची समाधि आठवावी आणि चाकण म्हटलें कीं इ. स. १६६० च्या पावसाळ्यांत शाएस्तेखानाच्या फौजेशीं जवळ जवळ दोन महिने झुंजलेला फिरंगोजी नरसाळा डोळ्यांपुढें उभा राहावा, अशी मराठी मनाची पूर्वापार संवय आहे. परंतु पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या आसपासच्या या टापूनें स्वातंत्र्यानंतर निराळेंच रूप धारण केलें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध-कंपनी स्थापन झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि पाहतां पाहतां ज्वारी-बाजरीच्या शेतांच्या जागीं मोटारी, स्कूटरी आणि यंत्रांचे सुटे भाग करणारे कारखाने उभे राहिले. २००९ सालीं तर चाकणला जर्मन मोटारी तयार होऊं लागल्या. या कारखान्यांच्या भोंग्यांनीं दूरदूरचीं माणसें बोलावून आणलीं. घाटावरचा मराठी शेतकरी आला, तसाच गोमंतकांतला आणि वसईकडचा ख्रिस्ती कारागीर आला. मंगळूरकर आला, केरळी आला. गांव सोडणाऱ्या माणसाला घर उचलून आणतां येत नाहीं. सणाची चव मात्र तो आणतोच. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत या टापूंतल्या कित्येक ख्रिस्ती घरांतून व्हिनेगर, लसूण आणि डुकराचें मांस यांचा संमिश्र वास दरवळूं लागतो.

हा वास पूर्वीं मातीच्या मडक्यांतून येई, आतां कांहीं घरांत तो विजेच्या एका भांड्यांतून येतो. इंग्रजीवरून त्याला ‘स्लो कुकर’ म्हणतात. बाहेरून धातूचें आवरण, आंत जाड चिनी मातीचें भांडें, वर कांचेचें झांकण आणि भोंवतीं विजेच्या तारेची ऊब, एवढीच त्याची रचना. जुन्या पद्धतीच्या शंभर वॉटच्या दोन-तीन दिव्यांना लागेल इतकीच वीज त्यास पुरते. सकाळच्या पाळीस निघालेल्या माणसानें मांस त्यांत घालून झांकण लावावें आणि सायंकाळीं परत येऊन तें उघडावें, अशी त्याची योजना. ज्या गांवीं दिवसाचे तीन भाग पाळ्यांनीं पाडलेले आहेत, तेथें असें राखण न मागणारें भांडें सोयीचें वाटावें यांत नवल नाहीं. नवल आहे तें दुसऱ्याच गोष्टीचें. या भांड्याची कुळकथा आणि त्यांत शिजणाऱ्या मांसाची कुळकथा या दोन्ही शोधूं गेल्यास त्या एकमेकींच्या वैरी निघतात; आणि चार-साडेचार शतकांपूर्वीं त्या दोघी एकाच न्यायासनापुढें साक्षीदार म्हणून उभ्या राहिलेल्या दिसतात.

प्रथम मंद आंचेची गरज कां पडते तें पाहूं. डुकराचा खांदा हा प्राण्याच्या सतत राबणाऱ्या स्नायूंचा भाग. राबणाऱ्या स्नायूंत तंतूंना एकत्र बांधून ठेवणारें चिवट संयोजक द्रव्य पुष्कळ असतें. शास्त्रज्ञ त्याला कोलॅजेन म्हणतात. तडक जाळ दिला तर साठ-पासष्ट अंश सेल्सिअसच्या आसपास स्नायूंचे तंतु आक्रसतात आणि आंतला रस पिळून बाहेर टाकतात. तोंवर हें कोलॅजेन मात्र जसेंच्या तसें राहतें, आणि मांस कोरडेंहि होतें व वातडहि राहतें. उलट पाण्याच्या उकळबिंदूच्या जरा खालीं, ओलसर वाफेंत, कित्येक तास तेंच मांस ठेवलें तर कोलॅजेन हळूहळू विरघळून त्याचें जिलेटिन बनतें. मग तंतु सुटे होतात आणि हें लुसलुशीत द्रव्य त्यांना वेढून राहतें. या क्रियेला घाई मुळींच मानवत नाहीं. शिवाय डुकराच्या मांसांत पट्टकृमि आणि ट्रिचिनेला नांवाचे सूक्ष्म जंत असण्याचें भय पूर्वापार आहे. अमेरिकेचें कृषिखातें आज अखंड तुकड्यासाठीं निदान ६३ अंशांची आंतली उष्णता आणि त्यानंतर तीन मिनिटांचा विसावा सांगतें. आठ-आठ तास शिजलेला खांदा ही मर्यादा केव्हांच ओलांडून गेलेला असतो. जुन्या गृहिणीला जंतांचीं लॅटिन नांवें ठाऊक नव्हतीं, परंतु हें मांस अर्धेंकच्चें ठेवूं नये, हें ती पक्कें जाणत होती.

मंद आंच आपल्याकडे नवी नाहीं. मराठी घरांतल्या चुलीला मागच्या अंगीं वैल असे. मुख्य जाळाचा उरलासुरला ताव तेथें पोंचे, आणि दूध, आमटी किंवा मांसाचें भांडें त्यावर तासन्‌ तास संथपणें रटरटत राही. १९१० च्या सुमारास कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनीं ‘इक्मिक कुकर’ या नांवाचा उभा डबा तयार केला. खालीं निखारे, वर एकावर एक भांडीं, आणि घरचा माणूस कामाला गेला असतां वाफेवर आपोआप शिजणारें जेवण. तेव्हां राखण नको असणारा स्वयंपाक हा कांहीं पाश्चात्त्यांनींच शोधून काढला असें नव्हे.

डुकराचें मांसहि दक्षिणेंत परकें नव्हतें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ. स. ११२९ ते ११३१ च्या सुमाराचा. त्यांत मराठी गीतांचे जुने नमुने आहेत म्हणून मराठी वाङ्मयाचे अभ्यासक त्याला मान देतात; परंतु त्याच ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणांत वराहाचें मांस कसें सिद्ध करावें याचें तपशीलवार वर्णन आहे. प्राण्यावर पांढरें वस्त्र घालून त्यावर कढत पाणी ओतावें म्हणजे केस सहज निघतात, ही युक्ति राजा सोमेश्वर आपल्या वाचकांस सांगतो. पुढें रानडुकराची शिकार हा सरदार-शिलेदारांचा मर्दानी खेळ गणला गेला आणि त्या शिकारीचें मांस मानानें वाटलें गेलें. पाळीव डुकराची गोष्ट वेगळी. तें वडार, कैकाडी अशा कष्टकरी समाजांच्या दारांत वाढलें, आणि ज्यांनीं तें पाळलें त्यांची अवहेलना उच्चवर्णीयांनीं मुक्तहस्तें केली. म्हणजे एकाच प्राण्याचें मांस रानांत मारलें तर पराक्रम आणि अंगणांत वाढवलें तर कमीपणा, असा हा न्याय होता. त्यांत प्राण्यापेक्षां पाळणाऱ्याच्या जातीचाच विचार अधिक होता, हें उघड आहे.

आतां भांड्याची कुळकथा. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ पाळावयाचा. त्या काळांत विस्तव पेटवावयाचा नाहीं व स्वयंपाक करावयाचा नाहीं. परंतु विश्रांतीच्या दिवशीं ऊन अन्न मिळावें ही इच्छाहि धार्मिकच. त्यामुळें शुक्रवारीं संध्याकाळपूर्वींच धान्य, कडधान्य आणि मांस यांचें मडकें मंद विस्तवावर, राखेंत किंवा भटारखान्याच्या निवत चाललेल्या भट्टींत ठेवून द्यावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं काढावयाचें, अशी रीत पडली. पूर्व यूरोपांत या पदार्थाला ‘चोलंट’ म्हणत, बगदादकडे ‘हामीन’ म्हणत, आणि स्पेनांत ‘आदाफिना’ म्हणत. हें शेवटचें नांव अरबींतून आलेलें असून त्याचा अर्थ पुरून ठेवलेलें असा आहे. या सर्व मडक्यांत एक गोष्ट कधींच शिरली नाहीं, ती म्हणजे डुकराचें मांस. कारण यहुदी शास्त्रानें तें निषिद्ध मानलेलें आहे.

इ. स. १४९२ मध्यें स्पेनच्या राजा-राणीनें यहुद्यांना देशाबाहेर घालविलें. कित्येक कुटुंबें शेजारच्या पोर्तुगालांत गेलीं. तेथें १४९७ मध्यें त्यांच्यावर सक्तीनें बाप्तिस्मा लादण्यांत आला. हे ‘नवे ख्रिस्ती’ मनानें जुनेच तर राहिले नाहींत ना, हें पाहण्यासाठीं १५३६ सालीं पोर्तुगालांत इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षण-न्यायालय, स्थापन झालें. मनांतला धर्म डोळ्यांना दिसत नाहीं; तेव्हां न्यायालयानें स्वयंपाकघराकडे दृष्टि वळविली. संशयाच्या खुणांच्या ज्या याद्या लोकांत जाहीर केल्या गेल्या, त्यांत दोन खुणा ठळक होत्या: शनिवारचें अन्न शुक्रवारींच शिजवून ठेवणें, ही एक, आणि डुकराचें मांस न खाणें, ही दुसरी. शेजारणीनें शुक्रवारीं रात्रीं कोणाच्या चुलींत राख घातलेली पाहिली आणि शनिवारीं त्या घरांतून धूर निघालेला दिसला नाहीं, तर तेवढी गोष्ट साक्ष म्हणून पुरे पडे. मोलकरणींनीं आपल्या मालकिणींविरुद्ध मडक्यांतल्या जिनसांची माहिती दिल्याचीं प्रकरणें त्या काळच्या दप्तरांत आहेत. अशा स्थितींत घरांतल्या पात्रांत डुकराच्या चरबीचा तुकडा दिसणें म्हणजे प्राणाला कवच मिळणें होतें. पोर्तुगालांतल्या ‘आल्येइरा’ नांवाच्या लसणी सॉसेजविषयीं अशी कथा सांगतात कीं, पांव आणि कोंबडीचें मांस भरून तें यहुद्यांनीं मुद्दाम डुकराच्या सॉसेजसारखें दिसेल असें केलें आणि धुराड्यापाशीं टांगलें. कथा कितपत खरी हा प्रश्न निराळा, पण ती लोकांच्या स्मरणांत टिकून राहिली खरी.

हेंच न्यायालय १५६० सालीं गोव्यांत आलें. तेथें ज्याच्यावर त्याची छाया पडली अशा माणसांत एका मोठ्या वैद्याचें नांव आहे. गार्सिया द ओर्ता हा स्पेनांतून आलेल्या यहुदी कुळांत जन्मला, १५३४ मध्यें गोव्यास आला, आणि हिंदुस्थानांतल्या औषधींवर संवादरूपानें त्यानें लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्यें गोव्यांतच छापला गेला. मुंबईचें बेट त्याला खंडानें मिळालेलें होतें, ही गोष्ट मुंबईकरांस विशेष वाटावी. १५६८ सालीं तो स्वस्थपणें मरण पावला. परंतु दुसऱ्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यांत आलें, आणि १५८० मध्यें खुद्द ओर्ताच्या अस्थि उकरून काढून त्यांची होळी करण्यांत आली. ज्या माणसानें या देशांतलीं फळें, मुळें आणि मसाले जगाला समजावून सांगितले, त्याच्या घरचें मडकें कशांत शिजतें याची चौकशी त्याच्या मरणानंतरहि थांबली नाहीं.

गोव्यांत यहुदी थोडे. न्यायालयाचा पुढचा रोख हिंदूंतून ख्रिस्ती झालेल्यांकडे वळला. १७३६ सालच्या प्रसिद्ध जाहीरनाम्यानें नवख्रिस्त्यांना ज्या रीति वर्ज्य ठरविल्या, त्यांत दारीं तुळस लावणें आहे, आणि हिंदूंप्रमाणें भात अळणी शिजवून मागाहून मीठ घेणें हेंहि आहे. मिठाचा चिमटा केव्हां टाकावा, एवढी बारीक गोष्टहि न्यायासनाच्या कक्षेंत आली. मराठीचे थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांनीं १९६१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथांत या न्यायालयाचा इतिहास साधार मांडला आहे. १७७४ मध्यें तें एकदां बंद पडलें, १७७८ मध्यें पुन्हां सुरू झालें आणि १८१२ मध्यें कायमचें संपलें.

एवढें वाचल्यावर कोणी म्हणेल कीं, नाताळांतलें डुकराचें मांस हें मग जुलुमाचेंच चिन्ह होय. परंतु इतिहासाचा निकाल इतक्या सोप्या रीतीनें लागत नाहीं. कांहीं कुटुंबें भयानें ख्रिस्ती झालीं, कांहीं लाभासाठीं, कांहीं श्रद्धेनें; आणि पहिल्या पिढींत जें परकें होतें तें चौथ्या-पांचव्या पिढींत आजीच्या हातचें झालें. ‘नाताळ’ हा शब्दच पाहा. तो पोर्तुगीज ‘नाताल’ वरून आलेला आहे, पण आज तो जितका ख्रिस्त्यांचा तितकाच सर्व मराठी माणसांचा आहे; पांव, बटाटा, काजू, चावी आणि पगार हे शब्द जसे आपले झाले, तसाच तोहि झाला. १६१६ सालीं फादर स्टीफन्सनें ‘क्रिस्तपुराण’ छापलें तें मराठी ओंवींत. ओंवींत जर ख्रिस्तजन्म सांगतां येतो, तर परदेशाहून आलेला एक पदार्थ मराठी मडक्यांत कां शिजूं नये?

तो पदार्थ असा. पोर्तुगीज खलाशी लांबच्या सफरीसाठीं डुकराचें मांस द्राक्षांची दारू आणि लसूण यांत मुरवून नेत. त्याला ‘व्हिन्या द आल्यूश’ म्हणत. अटलांटिक महासागरांतल्या मादैरा बेटावर आजहि नाताळचा मुख्य पदार्थ हाच आहे. तेथल्या मजुरांनीं १८३५ नंतर तो दक्षिण अमेरिकेंतल्या गियानांत नेला, आणि तेथेंहि नाताळच्या सकाळीं लसणी डुक्करमांस हा सणाचा मान ठरला. हिंदुस्थानांत येतांना मात्र या पदार्थानें वेष बदलला. येथें द्राक्षांची दारू दुर्मिळ, पण माड मुबलक. तेव्हां माडी आंबवून केलेलें व्हिनेगर तिच्या जागीं आलें. अमेरिकेहून पोर्तुगीजांनींच आणलेली मिरची त्यांत शिरली. दालचिनी, लवंग, मिरीं, जिरें हीं तर घरचींच होतीं. मूळ शब्दाची जीभ वळली आणि ‘विंदालू’ झाला. त्यांतल्या शेवटच्या अक्षरांचा बटाट्याच्या ‘आलू’शीं कांहींएक संबंध नाहीं, तीं लसणाच्या पोर्तुगीज नांवाचीं आहेत.

उत्तर कोंकणांत याच पदार्थाला ‘इंद्याल’ म्हणतात. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पानें ती जिंकून घेतली. दोनशें वर्षांचें तें राज्य गेलें, तरी तेथल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्त्यांनीं आपला धर्म आणि आपल्या बोली दोन्ही राखल्या. मुंबई, साष्टी आणि वसईकडच्या या समाजानें गोवेकर व मंगळूरकर यांच्याहून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून १८८७ सालीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेऊन आपली संस्था काढली. मराठी मातीशीं या भागांतल्या ख्रिस्त्यांचें नातें किती घट्ट आहे, याची खूण हवी असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें स्मरण करावें. २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. या घरांतून उन्हाळ्यांत वीस-पंचवीस जिनसा भाजून, कांडून ‘बाटलीचा मसाला’ करितात आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठांसून वर्षभर सांठवितात. नाताळांत इंद्याल, तळलेले फुगे आणि तांदळाचे प्रकार यांची पंगत बसते. गोमंतकांत त्याच वेळीं सोरपोतेल शिजतें; काळीज, यकृत आणि मांस यांचे बारीक तुकडे आधीं वाफवून, परतून, मग व्हिनेगर-मसाल्यांत मुरविलेले, आणि जोडीला माडीनें फुगविलेलीं सान्नां.

हीं भांडीं मातीचीं कां असत, यालाहि कारण आहे. आंबट पदार्थ तांब्यापितळेच्या भांड्यांत कळकतो, ही गोष्ट प्रत्येक मराठी गृहिणीला ठाऊक आहे. मातीला आंबटाचें भय नाहीं. शिवाय जाड मडकें सावकाश तापतें आणि सावकाश निवतें. नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यांवर तें ठेवलें म्हणजे जाळ सांभाळीत बसावें लागत नाहीं. व्हिनेगरच्या आंबटपणामुळें जंतूंची वाढ मंदावते, वर तरंगणाऱ्या चरबीचा थर हवेला आडवितो, आणि रोज एकदां कढ आणला कीं पदार्थ दिवसेंदिवस मुरत जातो. म्हणून सोरपोतेल सणाच्या तीन-चार दिवस आधींच करून ठेवण्याची पद्धत आहे. मध्यरात्रींच्या मिस्सेहून परतलेल्या घराला तें तयार सांपडतें. त्या रात्रीं चुलीपुढें बसावयाची कोणावरहि पाळी येत नाहीं. शनिवारच्या यहुदी मडक्यामागेंहि हाच विचार होता: सणाच्या दिवशीं राबणाऱ्या हातांना विसांवा मिळावा. ज्या दोन पात्रांना न्यायालयानें एकमेकांविरुद्ध उभें केलें, त्यांच्या मुळाशीं असलेली घरगुती गरज अशी एकच होती.

आणि शेवटीं तीं दोन्ही पात्रें एक झालीं, तीं एका अमेरिकन कल्पकाच्या हातून. शिकागोचा आयर्व्हिंग नॅक्सन हा यहुदी घराण्यांतला. त्याच्या आईनें लहानपणची एक आठवण त्याला सांगितलेली होती: लिथुआनियांतल्या व्हिल्ना शहरीं शब्बाथच्या आदल्या संध्याकाळीं चोलंटचें मडकें भटारखान्यांत पोंचवावयाचें, आणि भट्टीच्या उरलेल्या उबेवर तें रात्रभर शिजत ठेवावयाचें. त्या निवत्या भट्टीची जागा घेईल असें विजेचें भांडें नॅक्सननें तयार केलें. १९३६ सालीं त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला आणि १९४० सालीं तें त्याला मिळालें. ‘नॅक्सन बीनरी’ या नांवानें तें बीन्सच्या, म्हणजे शिजावयाला कठीण अशा कडधान्यांच्या, उसळींसाठीं विकलें जाई. १९७० मध्यें रायव्हल नांवाच्या कंपनीनें त्याचा धंदा विकत घेतला, आणि १९७१ मध्यें तेंच भांडें ‘क्रॉक-पॉट’ या नांवानें बाजारांत आणलें. घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या अमेरिकेंत वाढत होती. सकाळीं भरून ठेवलेलें भांडें सायंकाळीं जेवण देतें, ही गोष्ट त्यांना वरदानासारखी वाटली. लवकरच अमेरिकन घरांत सणासुदीला डुकराचा खांदा त्यांत शिजूं लागला. ज्या मडक्यांत डुकराचें मांस नाहीं म्हणून माणसें जाळलीं गेलीं, त्याच मडक्याच्या विजेवरच्या वंशजांत तें मांस खुशाल रटरटूं लागलें. आणि त्याबद्दल कोणालाहि कोणापुढें साक्ष द्यावी लागली नाहीं.

पुणें जिल्ह्याच्या दृष्टीनें पाहिलें तर हें वर्तुळ आणखी जवळ येतें. कोंकणांतले बेने इस्रायल तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यापैकीं पुष्कळ कुटुंबें मुंबई-पुण्यास येऊन राहिलीं. पुण्याच्या छावणींत डेव्हिड ससून यांनीं बांधावयास घेतलेलें आणि १८६७ मध्यें पुरें झालेलें यहुदी प्रार्थनामंदिर ‘लाल देऊळ’ या नांवानें प्रसिद्ध आहे. बगदादहून आलेल्या या यहुदी घराण्यांत शुक्रवारीं संध्याकाळपूर्वीं हामीनचें पात्र मंद विस्तवावर चढत असे. मराठी शेजाऱ्यांनीं तेल्याचा शनिवार पाहिला, त्याला त्यावरून नांव दिलें, आणि आपापल्या कामाला लागले. त्या शनिवाराचा त्यांनीं आरोप केला नाहीं. लाल देवळापासून पिंपरी कांहीं फार दूर नाहीं.

आतां पिंपरी-चिंचवडच्या त्या स्वयंपाकघरांत पुन्हां जावें आणि रीत पुरी पाहावी. दीड-दोन किलोंचा, थोडी चरबी असलेला खांद्याचा तुकडा घेतात. गोठविलेला असेल तर आधीं शीतकपाटांतच पूर्ण सुटूं देतात. कारण मंद आंचेवर गोठलेलें मांस फार वेळ कोमट राहतें आणि तेवढ्यांत जंतूंचें फावतें. मीठ, ठेंचलेली लसूण, मिरीं, दालचिनी, भिजवून वाटलेल्या सुक्या मिरच्या आणि व्हिनेगर त्यास चोळून रात्रभर थंडींत ठेवतात. सकाळीं भांड्याच्या तळाशीं कांद्याच्या जाड चकत्या, त्यांवर मांस, आणि वर जेमतेम अर्धी वाटी पाणी. वाफ बाहेर जात नसल्यामुळें अधिक घातल्यास त्याचा रस्सा पातळ होतो. मग झांकण लावून मंद खुणेवर आठ-दहा तास. मध्यें झांकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा लागतो, कारण प्रत्येक वेळीं कोंडलेली ऊब निघून जाते आणि शिजण्याची वेळ वाढते. सुरी न लावतां चमच्यानें मांस सुटलें म्हणजे तें झालें असें समजावें. वरचा पापुद्रा खमंग हवा असेल तर शेवटीं पंधरा-वीस मिनिटें कडक भट्टी देतात. तेवढें काम मंद आंचेच्या भांड्याला साधत नाहीं.

मायदेशीं रविवारीं ‘श्वाइनब्राटन’ म्हणजे भाजलेलें डुक्करमांस खाणाऱ्या जर्मन अभियंत्याला चाकणला ही चव अर्धी ओळखीची वाटावी आणि अर्धी अनोळखी. त्याच इमारतींत वरच्या मजल्यावर एकादशी असेल, खालच्या मजल्यावर हें मांस धर्मानें निषिद्ध मानणारें मुसलमान कुटुंब असेल, आणि समोरच्या दारीं कांदा-लसूणहि न खाणारे जैन असतील. एकाच जिन्यानें चढउतार करणाऱ्या अशा घरांत वासावरून कुरबूर होऊं शकते, भाड्यानें घर देतांना ‘तुम्ही काय खातां’ असा प्रश्नहि विचारला जातो. त्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. गोव्यांत आणि लिस्बनमध्यें हाच प्रश्न न्यायाधीश विचारीत, आणि चुकीचें उत्तर देणाऱ्याचें घर, धन व प्राणहि जात. आज तो विचारणाऱ्याच्या हातीं तेवढी सत्ता नाहीं, हें सुदैव. पण प्रश्न विचारण्याची संवय अजून गेलेली नाहीं, हेंहि खरें.

नाताळच्या रात्रीं या घरांतून एक जुनी रीत मात्र चालू असते. गोव्या-मंगळूरकडे तिला ‘कुसवार’ किंवा ‘कोन्सोआद’ म्हणतात: करंज्या, दोदोल, केक, कलकल यांचीं तबकें झांकून शेजारच्या सर्व घरीं पाठवावयाचीं. देणाऱ्याला शेजाऱ्याचें पथ्य ठाऊक असतें. मांसाचें भांडें तो आपल्या माणसांसाठीं ठेवतो आणि ज्यांना तें चालत नाहीं त्यांच्याकडे नारळाच्या करंज्या धाडतो. दिवाळींत तींच तबकें चकल्या आणि लाडू घेऊन परत येतात. मग दार लोटून घ्यावयाचें, झांकण उघडावयाचें, आणि दहा तास सबुरीनें शिजलेलें तें मांस घरच्या सर्वांत वडील माणसाच्या पानावर प्रथम वाढावयाचें.